मोत्याचा डूल घातलेली मुलगी : नक्कल करत तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकण्याची एक वाट

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं असेल तर सुरुवात समोर बसलेल्या माणसापासून करू नका. माणूस हलतो, उजेड सरकतो, मान अवघडली की चेहऱ्यावरचा भाव पालटतो. आणि तुम्ही तर अजून रंगात तेल किती घालायचं, ब्रश कुठला उचलायचा याच झटापटीत असता. अभिजात चित्राची नक्कल करायला घेतली की यातले निम्मे प्रश्न मिटतात. उजेड कुठून घ्यायचा, चेहरा चौकटीत कुठे बसवायचा, कोणती सावली गडद ठेवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे सगळं एका मोठ्या चित्रकाराने ठरवून ठेवलेलं असतं. तुम्हाला फक्त त्याच्या निर्णयांच्या मागे मागे जायचं असतं, आणि प्रत्येक निर्णय का घेतला असेल हे हातात ब्रश असताना विचारायचं असतं.

नक्कल करण्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. फ्लेमिश चित्रकार रुबेन्स 1628-29 मध्ये माद्रिदला होता तेव्हा त्याने त्याच्या आधीच्या इटालियन चित्रकार टिशियनच्या 'अ‍ॅडम आणि ईव्ह'ची नक्कल केली. तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती आणि युरोपभर त्याचं नाव झालेलं होतं. आज ती दोन्ही चित्रं माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात आहेत.

चित्र कोणतं निवडावं

पहिल्या नकलेसाठी मी सतराव्या शतकातल्या डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं 'मोत्याचा डूल घातलेली मुलगी' हे चित्र सुचवेन. ते साधारण 1665 चं आहे आणि हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. खरं तर हे ठरावीक व्यक्तीचं चित्र नाही. डच चित्रकार वेगळा पोशाख, वेगळा भाव दाखवण्यासाठी असे चेहरे रंगवत, त्याला 'ट्रोनी' म्हणत. आपल्याला ते सोयीचंच आहे, कारण कोणाशी साम्य जुळलं का ही धास्ती राहत नाही.

शिकाऊ माणसाला हे चित्र का बरं? पार्श्वभूमी गडद आणि रिकामी आहे. केस फेट्याखाली झाकलेले आहेत, हात दिसत नाहीत. उजेड डावीकडून एकाच दिशेने येतो, त्यामुळे चेहऱ्याचा उजेडातला भाग आणि सावलीतला भाग स्वच्छ वेगळे दिसतात. अवघड जागा एकच, पण ती मोठी आहे. मुलीची कातडी इतकी मऊ रंगवली आहे की तिच्यावर रेघ म्हणून काही सापडत नाही. सुरकुत्या असलेला म्हातारा चेहरा घेतला तर छोट्या चुका सुरकुत्यांत लपतात. इथे लपायला जागा नाही, म्हणून डोळा लवकर तयार होतो.

चित्राची प्रतिमा संग्रहालयाच्याच संकेतस्थळावरून घ्या, तिथे ती मोठ्या आकारात मिळते. कुठल्याही जुन्या पुस्तकातला फोटो चालणार नाही. 1994 मध्ये या चित्राची साफसफाई झाली आणि पिवळं पडलेलं जुनं वॉर्निश, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक संरक्षक थर, काढलं गेलं. त्याआधीच्या छापील प्रतींत सगळी मुलगीच पिवळट दिसते. दोन प्रिंट काढा, एक रंगीत आणि एक काळी-पांढरी. काळ्या-पांढऱ्या प्रिंटचा उपयोग रंगीतपेक्षा जास्त होतो, त्याकडे पुढे येऊच.

सामान

थोडकं पण चांगलं घ्या. रंगांच्या आठ ट्यूब पुरतात : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), एखादा उजळ पिवळा, कॅडमियम रेड लाइट, अ‍ॅलिझरीन क्रिम्झन (गडद लाल), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू (गर्द निळा) आणि आयव्हरी ब्लॅक. व्हर्मीरने शिशाचा पांढरा वापरला होता. तो विषारी आहे, आपल्याला त्याची गरज नाही. त्याचा निळा लापिस लाझुली या दगडापासून केलेला अस्सल अल्ट्रामरीन होता. आजचा अल्ट्रामरीन कारखान्यात तयार होतो, पण रंगाने त्याच्या अगदी जवळ जातो.

ब्रश चार-पाच हवेत. डुकराच्या केसांचे दोन चपटे, टोकाला गोलसर असलेले दोन मध्यम, आणि बारीक कामासाठी मऊ केसांचा एक गोल. रंग कालवायला पॅलेट नाइफ, जवसाचं तेल, रंग पातळ करायला टर्पेंटाइन किंवा कमी वासाचं सॉल्व्हंट, जुन्या सुती चिंध्या.

सुरक्षेचं आत्ताच सांगतो. खिडकी उघडी ठेवा. ब्रश तोंडात धरू नका. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून सुकतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. ते बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पुन्हा वापरता येतं.

कॅनव्हास आणि चौकटी

मूळ चित्र 44.5 सेंटिमीटर उंच आणि 39 सेंटिमीटर रुंद आहे. तुम्ही 40 बाय 35 चा कॅनव्हास घ्या. प्रमाण जवळजवळ तेच राहतं आणि 5 सेंटिमीटरच्या चौकटी बरोबर बसतात : उंचीत आठ, रुंदीत सात. प्रिंटवरही उंचीचे आठ आणि रुंदीचे सात भाग पाडा. चौकटींना अंक-अक्षरं द्या, म्हणजे मध्येच रांग चुकत नाही.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू करू नका. पांढऱ्यावर प्रत्येक रंग खरा आहे त्यापेक्षा गडद भासतो आणि अंदाज चुकत जातो. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर फिरवा आणि चिंधीने पुसून घ्या. मध्यम, मातकट तपकिरी आला की पुरे. तो पुरता सुकू द्या.

आता रेखाटन. चौकटीमागून चौकट बाह्यरेषा उतरवा, पण डोळे, नाकपुड्या यांत रमू नका. आधी मोठे आकार घ्या : फेट्याचा एकूण आकार, चेहऱ्याचा अंडाकार, सावलीची हद्द, खांदा, मागे लोंबणारं पिवळं कापड. सावलीची हद्द ही या रेखाटनातली सर्वांत महत्त्वाची रेषा. उजेड संपतो आणि सावली सुरू होते तिथे एक फिकट रेषा ओढा, कपाळापासून गालावरून जबड्यापर्यंत.

रेखाटन झालं की प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून शेजारी ठेवा, मग आरशात बघा. सरळ बघताना मन 'हा डोळा, हे नाक' असं म्हणत चुका झाकतं. उलटं केलं की नुसते आकार उरतात आणि खाली घसरलेला डोळा लगेच दिसतो. दुरुस्ती करायची ती इथेच. व्हर्मीरनेसुद्धा जागा बदलल्या होत्या. मॉरित्सहाउसच्या संशोधकांनी 2018 मध्ये या चित्राची यंत्रांनी तपासणी केली तेव्हा कान, फेट्याचा वरचा भाग आणि मानेची मागची बाजू त्याने काम चालू असताना हलवल्याचं आढळलं.

टोन : इथे वेळ घालवा

टोन म्हणजे रंग बाजूला ठेवल्यावर उरणारा गडद-फिकटपणा. नवशिक्यांची व्यक्तिचित्रं फसतात ती बहुतेकदा रंगाने नव्हे, टोनने. गालाला हवा तो गुलाबी सापडला नाही तरी चेहरा चेहरा राहतो. टोन चुकला तर उत्तम गुलाबीही चेहऱ्याला गोलाई देऊ शकत नाही.

काळा-पांढरा प्रिंट समोर ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. बारकावे विरून चार-पाच डाग उरतील. पार्श्वभूमी सर्वांत गडद. तिच्या जवळ जाणारी मानेची आणि जबड्याखालची सावली. मग फेट्याचा सावलीतला निळा, जाकिटाचा मध्यम पिवळट तपकिरी, आणि शेवटी कपाळ, नाक, गाल यांचा उजेड. कॉलरचा पांढरा आणि मोत्यावरचा ठिपका हे सगळ्यांत उजळ. या डागांचं हाताच्या पंज्याएवढं एक छोटं चित्र पेन्सिलने करून बघा. कंटाळवाणं वाटेल, पण हे केलेल्या आणि न केलेल्या माणसाच्या कॅनव्हासमधला फरक लांबून ओळखू येतो.

मग बर्न्ट अंबर थोड्या टर्पेंटाइनमध्ये सैल करून कॅनव्हासवर हेच डाग घाला. फक्त एक रंग, पांढरा अजिबात नाही. गडद जागी रंग जास्त घाला, उजेडाच्या जागी चिंधीने पुसून खालचा थर उघडा करा. व्हर्मीरनेही खालचे थर तपकिरी आणि काळ्या छटांत घातले होते. या पायरीच्या शेवटी मुलगी तपकिरी रंगात का होईना, वळून तुमच्याकडे बघायला हवी. बघत नसेल तर पुढे जाऊ नका. वरचा रंग खालची चूक दुरुस्त करत नाही. अंबर लवकर सुकतो, एक-दोन दिवसांत पुढचं काम करता येतं.

थरांचा नियम

खालचे थर कमी तेलाचे, वरचे थर त्याहून जास्त तेलाचे. पहिल्या थरात टर्पेंटाइन चालतं, दुसऱ्यात ट्यूबमधला रंग जसाच्या तसा, तिसऱ्यात जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि काही काळाने भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅकला तेल जास्त लागतं आणि तो सावकाश सुकतो, म्हणून पार्श्वभूमीला निव्वळ काळा थापू नका, त्यात भरपूर अंबर मिसळा.

रंगवण्याचा क्रम

तपासणीत असंही दिसलं की व्हर्मीर मागून पुढे रंगवत आला : आधी पार्श्वभूमी आणि चेहऱ्याची कातडी, मग पिवळं जाकीट, मग पांढरी कॉलर, मग फेटा आणि अगदी शेवटी मोती. आपणही त्याच क्रमाने जाऊ. या क्रमात शहाणपण आहे. जी वस्तू पुढे आहे तिची कड मागच्या रंगावर चढते आणि ती आपोआप पुढे आलेली दिसते.

पार्श्वभूमीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. आज काळी दिसणारी ती जागा मुळात हिरवा पडदा होती. काळसर थरावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिजन्य रंगाचा पारदर्शक हिरवा थर होता, तो काळाच्या ओघात उतरला. मग नकलेत काय करायचं? माझं मत, आज दिसते तशीच पार्श्वभूमी करा. हिरव्या पडद्याची आपल्याकडे असते ती कल्पना, आणि कल्पनेची नक्कल करून डोळा तयार होत नाही. फक्त काळ्यात अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन मिसळा, म्हणजे ती जागा मेलेली वाटणार नाही.

कातडीचे रंग

ब्रश हातात घेण्याआधी पॅलेट नाइफने चार ढीग कालवून ठेवा. उजेडासाठी पांढरा, थोडा यलो ऑकर आणि कॅडमियम रेडचा अगदी कण. मधल्या छटेसाठी तोच ढीग, त्यात आणखी ऑकर आणि चिमूटभर अल्ट्रामरीन किंवा काळा, म्हणजे तो जरा करडा आणि थंड होतो. सावलीसाठी बर्न्ट अंबर, ऑकर, थोडा लाल. यात पांढरा घालू नका, सावली खडूसारखी होते. चौथा ढीग गाल आणि ओठांच्या लालीसाठी : उजेडाच्या रंगात क्रिम्झन आणि कॅडमियम रेड.

रंग जुळला की नाही हे कसं ओळखायचं? रंगीत प्रिंटवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद टाका. कालवलेल्या रंगाचा छोटा ठिपका थेट त्या कागदावर, गालाच्या जागी ठेवा. ठिपका दिसेनासा झाला तर रंग बरोबर. दिसला तर आधी विचारा, गडद आहे की फिकट? मग विचारा, पिवळट आहे की लालसर? याच क्रमाने विचारा. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर बघून रंग जुळवू नका. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, रंग टाकत नाहीत, आणि तुम्ही कायम पांढरा वाढवत राहाल.

आता ढिगांतले रंग कॅनव्हासवर डागांसारखे शेजारी शेजारी ठेवा. घोटू नका. सावली आधी आणि पातळ, उजेड नंतर आणि जाडसर. कपाळ, गाल, हनुवटी असं सगळीकडे थोडं थोडं पुढे न्या, एकच डोळा पूर्ण करत बसू नका. सगळा चेहरा डागांनी भरला की मागे सरका, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. तिथून चेहरा गोल दिसला तरच डागांच्या सीमा कोरड्या मऊ ब्रशने अलगद जुळवा. ब्रश दर दोन-तीन फटकाऱ्यांनी पुसा. न पुसलेला ब्रश उजेडातला रंग सावलीत ओढतो आणि सगळी कातडी एकसारखी मळकट होते.

कडा

माझ्या मते या चित्राचा खरा धडा इथे आहे. नाकाकडे नीट बघा. नाकाच्या दांड्याची डावीकडची, उजेडातली बाजू आणि तिच्या शेजारचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही. दोन्हींचा टोन एकच आहे. तरीही आपल्याला नाक दिसतं, कारण दुसऱ्या बाजूची छटा, शेंडा आणि नाकपुडी पुरेशी खूण देतात. नवशिक्याचा हात तिथे हमखास रेघ ओढतो, आणि ओढताक्षणी चेहरा कागदी होतो. ती रेघ न ओढणं हा या नकलेतला सर्वांत कठीण क्षण आहे, तो चुकवू नका.

तीन प्रकारच्या कडा शोधा आणि प्रिंटवर खुणा करा. जिथे उजेड आणि अंधार भिडतात, जसं डाव्या गालाबाहेर, तिथे कड स्पष्ट, तरी अगदी कोरडी नाही. जिथे चेहरा वळत सावलीत जातो तिथे कड मऊ. आणि नाकाशेजारी, किंवा मानेच्या सावलीच्या काही भागात, कड हरवलेलीच. हरवलेली कड करायची तर दोन्ही ओले रंग एकमेकांत एकदाच ओढा आणि हात काढून घ्या.

डोळे, ओठ

डोळ्यांचं पांढरं पांढरं नसतं. करडं, किंचित उबदार, आणि वरच्या पापणीच्या सावलीत आणखी गडद असतं. पापण्यांचे केस व्हर्मीरने रंगवले होते हे तपासणीत कळलं, पण आज ते नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. तेव्हा एकेक केस काढू नका. भुवयाही जवळजवळ नाहीतच. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका एकाच स्पर्शात ठेवा.

ओठांच्या मध्ये सलग रेघ नाही. तिथली सावली कुठे गडद, कुठे विरळ आहे. उजेड वरून येत असल्यामुळे वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद. खालच्या ओठावर ओलसर चमक आहे, आणि ओठांच्या कोपऱ्याशी एक बारीक उजळ ठिपका, जो 1994 च्या साफसफाईनंतर पुन्हा दिसू लागला. तो ठिपका ठेवून बघा, मग झाकून बघा. एवढ्याशा रंगाने तोंड ओलं कसं होतं ते समजेल.

जाकीट, फेटा, मोती

जाकीट ऑकर आणि अंबरने मोकळेपणाने करा. कॉलरचा पांढरा एकदम ट्यूबमधला वापरू नका, मोत्यासाठी काहीतरी राखून ठेवा. फेट्याच्या निळ्याचे दोन भाग करा : उजेडात अल्ट्रामरीन आणि पांढरा, सावलीत अल्ट्रामरीनमध्ये थोडा अंबर. घड्या मोजत बसू नका, तीन-चार मुख्य घड्या पुरतात. चार-पाच दिवसांनी हा थर कोरडा झाला की तेलात सैल केलेल्या अल्ट्रामरीनचा पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ, सावलीच्या बाजूवर फिरवा. निळा एकदम खोल जातो. लोंबणारं पिवळं कापड उजळ पिवळ्या आणि ऑकरने.

मोती जवळून बघाल तर चकित व्हाल. त्याला कानात अडकवायची कडीसुद्धा नाही, पूर्ण बाह्यरेषाही नाही. वर डावीकडे घट्ट पांढऱ्याचा एक फटकारा आणि खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बाकी मानेची सावलीच मोती होऊन जाते. म्हणून आधी गोल काढून तो भरू नका. खालचं प्रतिबिंब मऊ करड्याने, मग ब्रशवर भरपूर पांढरा घेऊन वरचा ठिपका. एकदाच. फसला तर चिंधीने पुसा आणि पुन्हा ठेवा, पण वरून गिरवू नका.

काम संपल्यावर

तुमच्या चित्राचा फोटो काढा, काळा-पांढरा करा आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटशेजारी ठेवा. नवशिक्याच्या कामात साधारण दोन गोष्टी दिसतात : सावल्या पुरेशा गडद नाहीत आणि डोळ्यांभोवती नको इतक्या रेघा आहेत. सावल्या दुरुस्त करायला पातळ अंबरचा एक ग्लेझ पुरतो.

मूळ चित्रात वर डाव्या कोपऱ्यात व्हर्मीरची सही आहे, ती उतरवू नका. कॅनव्हासच्या मागे 'व्हर्मीरच्या चित्रावरून', तुमचं नाव आणि वर्ष लिहा. प्रामाणिक नक्कल अशीच ओळखू यावी. वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने लावा. वरून कोरडं वाटलं तरी आतला रंग तोवर सुकतच असतो.

नक्कल भिंतीला टेकवून ठेवली की आठवडाभराच्या आत एखाद्या ओळखीच्या माणसाला खिडकीशेजारी बसवा. उजेड डावीकडून, मागे गडद कापड, चेहरा तुमच्याकडे वळलेला. तेच आठ रंग, तेच चार ढीग, आणि पहिल्या बैठकीत फक्त अंबरने टोन.